आपाची टेप आणि माझा उजवा डोळा

आमच्या घरी फोटो काढून घ्यायचा असेल तर शिलाईच्या टेपचं एक टोक डोळ्याच्या कडेला धरून बसावं लागतं. दुसरं टोक माझ्या कॅमेऱ्याला बांधलेलं असतं. टेप ताणली, की मी ओरडते, "सोडा!" समोरच्यानं टेप सोडायची आणि जागचं हलायचं नाही. नवा माणूस हमखास हसतो. हसू द्या, फोटो हसरे येतात. ही पद्धत कशी पडली ते सांगते, कारण तिच्यात दोन माणसांचे माझ्यावर उपकार आहेत आणि त्यातल्या एकावर मी आधी चांगली डाफरले होते.

कॅमेरा जुना, सगळा धातूचा, बॅटरीवाचून चालणारा. मी पाचोडच्या शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा आमच्या शहरातल्या गुलमंडी बाजारातला एक स्टुडिओ बंद पडला, तिथून घेतलेला. लेन्सही त्याच वयाची. आपोआप काही करत नाही. तिचं कडं हातानं फिरवायचं आणि कॅमेऱ्याच्या पाठच्या छोट्या खिडकीतून बघत राहायचं. मधोमध एक छोटा गोल असतो, त्यात समोरची उभी रेघ तुटलेली दिसते. कडं फिरवत फिरवत ती रेघ जुळवायची. जुळली की फोटो स्वच्छ. एक डोळा आणि दोन बोटं, एवढंच भांडवल.

सांभाळायला मात्र लहान लेकरासारखी. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, उन्हाळ्यात आतलं ग्रीस पातळ होऊन भलतीकडं पसरतं. गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की मी शेजारी लेन्सही कोवळ्या उन्हात ठेवते. आमचे हे कुरडया राखायला बसतात तेव्हा विचारतात, "ह्यातली कोणती तळायची?" हे मूळचे कन्नड तालुक्यातले. वीज कार्यालयातून निवृत्त झाले, पण बोलणं गावचंच राहिलं. फोटोतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. मी एखादा फोटो दाखवला की बघून म्हणायचे, "लई भारी!" वर्षानुवर्षं तेच. मला पुरायचं.

मागच्या हिवाळ्यात मी शेजारच्या आपाचा फोटो काढला. आपा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शिवणकाम करणारी बाई. सगळी गल्ली तिला आपाच म्हणते. फिल्म धुण्याच्या डब्यात भरायला अंधार लागतो, म्हणून बुरख्याच्या उरलेल्या काळ्या कापडाची दुहेरी पिशवी तिनंच मला शिवून दिली होती, बाह्यांना इलॅस्टिक लावून. हात आत घालायचे आणि चाचपून काम करायचं. तर तिचा मशीनवर बसलेला फोटो मी मोठा करून आणला, तिच्या दुबईच्या लेकीला पाठवायला. आपानं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, बुरा नक्को मानना. ये धुंदला आया क्या? मेरेकू तो मैं दिखतीच नै."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. घरी येऊन ह्यांना दाखवला. "लई भारी!" म्हणाले. झालं, माझं समाधान. तरी मनात किंतु राहिलाच, आणि मी ठरवून टाकलं की दोष लेन्सचा.

मग सुरू झाली लेन्सची चिरफाड. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी तिचं ग्रीस बदललं होतं, तेव्हा कड्याच्या आतली पेचाची चूडी एक आटा मागंपुढं बसली असणार, असा माझा तर्क. खोलली, पुसली, पुन्हा बसवली. पुढचा रोल काढला, ह्यांना दाखवला. लई भारी. पण आता मलाच पटेना. कॅमेऱ्याच्या आतल्या आरशाखालचा कुजलेला फोम बदलला. तरी पटेना. शेवटी खरी परीक्षा घ्यायची ठरवली. गच्चीत स्टँड लावला, कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं, फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून चिकटवला आणि शटरचा पडदा उघडा ठेवून कॅमेरा गोगाबाबाच्या टेकडीकडं वळवला. लेन्स बरोबर बसली असेल तर त्या कागदावर टेकडी उलटी, पण रेखीव उमटते. डोक्यावर चादर घेऊन मी वाकले आणि सवयीनं उजवा डोळा कागदाशी नेला. कागदावर होता नुसता तांबूस डाग.

ह्यांना हाक मारली. "बघा बरं, काय दिसतंय?"

हे चादरीत शिरले. "अरे व्वा! टेकडी उलटी. वरचं ते पांढरं बांधकाम दिसतंय, कडेचं झाडसुद्धा दिसतंय की."

"खरं सांगा."

"आता टेकडीपायी काय खोटं बोलू मी?"

मी डावा डोळा हातानं झाकला आणि जिन्याच्या दाराच्या चौकटीकडं बघितलं. चौकट मधेच वाकडी झालेली, पाण्यात बघावी तशी. लेन्स ठणठणीत होती. बिघडला होता माझा उजवा डोळा.

डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आपा खरं बोलत होती. मग हे? "ते सगळे रोल धूसर होते ना? तुम्हाला दिसत होतं ना?"

हे चादरीची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "दिसत व्हतं. पर तुझं मन मोडवंना."

मन मोडवेना! मी त्या गच्चीत काय काय बोलले ते आठवलं तरी आता लाज वाटते, पण तेव्हा एक शब्द मागं ठेवला नाही. तुम्ही पहिल्याच फोटोला तोंड उघडलं असतं तर मी तेव्हाच दवाखाना गाठला असता. त्यांचा चेहरा एवढासा झालेला होता, तो मात्र मला डाव्या डोळ्यानं व्यवस्थित दिसला.

डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याला सूज सांगितली, साखरेमुळं आलेली. इंजेक्शनं घेऊ, आहे ती नजर राखू, गेलेली सगळी परत येईल असं म्हणत नाही, म्हणाले. डाव्यात मोतीबिंदू, त्यामुळं त्यानंही बारीक रेघ जुळवता येईना; त्याचं नंतर बघायचं. माणूस भला, सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक इंजेक्शनाला हे बरोबर यायचे, औषधाचे थेंब वेळ लावून घालायचे, आणि मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे.

कॅमेरा कपाटात गेला. लोकांना वाटायचं मला आंधळं होण्याची भीती आहे. ती होतीच की. पण रोज सकाळी उठून जे खुपायचं ते दुसरंच होतं. माझ्या हातात एक काम होतं, ते मला येत होतं, आणि ते आता सुटणार होतं. हे म्हणाले, "फोननं काढ ना, त्याचा तोच जुळवून घेतो." मी म्हटलं, "मग फोटो त्यानंच काढावा, मी कशाला हवी?"

उन्हाळ्याच्या तोंडी आपा ब्लाउजचं माप घ्यायला आली. टेप माझ्या खांद्यावरून टाकलेली, तोंडात टाचण्या. आणि मी टेपकडं बघत राहिले. लेन्सच्या कड्यावर अंतराचे फूट कोरलेले असतात. डोळ्यानं जुळत नसेल तर मोजून जुळेल की! साठ इंचांची टेप म्हणजे पाच फूट. कडं पाच फुटांवर ठेवायचं, माणूस पाच फुटांवर बसवायचा, खिडकीतून रेघ बघायची गरजच काय?

"आपा, ही टेप मला देतेस?"

"लेव. मेरेपास दूसरी है. पर इस टेप से ब्लाउज नक्को सीना, बाई," म्हणाली आणि हसत सुटली. मला वाटलं माझ्या शिवणकामाला हसतेय.

आता पंचाईत ही, की कड्यावरचे बारीक आकडे मला वाचता येईनात. हे न बोलावताच येऊन शेजारी बसले. त्यांनी पाचाचा आकडा शोधून कडं तिथं धरलं आणि बोटाला लागेल अशी खूण म्हणून साबुदाण्याचा दाणा चिकटवला. तो निघाला. मग मोहरीचा दाणा चिकटवला, तो आजतागायत आहे. बोट मोहरीला लागलं की मला कळतं, पाच फूट.

तरी मी कॅमेऱ्यात फिल्म भरायच्या आधी ह्यांना समोर बसवलं. म्हटलं, "हे बघा. आता फोटो बरा आला का वाईट, ते मला दिसणार नाही. ते तुमच्याच डोळ्यानं मला कळणार. तुम्ही परत माझं मन राखायला खोटं बोललात, तर माझ्या काढण्याला अर्थच राहत नाही. त्यापेक्षा आजच बंद करते." ह्यांनी नुसती मान हलवली. मान हलवण्यावर माझा विश्वास नव्हता.

रोल काढला. काही फोटो ह्यांचे, काही आपाचे. टेपचं एक टोक कॅमेऱ्याच्या कडेच्या कडीला गाठ मारून बांधलं, दुसरं ह्यांच्या डोळ्याशी. फिल्म धुतली, त्या कामाला हात पुरतात. वाळल्यावर ह्यांनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि कॅमेऱ्यावरची लेन्स काढून, उलटी करून भिंगासारखी डोळ्याला लावली.

"काय आहे?"

"मी हाये. केस काळे झालेत माझे."

"ती निगेटिव्ह आहे, त्यात पांढरं काळं दिसतं, हुरळू नका. डोळे कसे आलेत?"

ह्यांनी लेन्स डोळ्यावरून काढली, सदऱ्याला पुसली आणि पुन्हा लावली. खिडकीसमोर मला त्यांची नुसती सावली दिसत होती. ह्या माणसानं मला दुखवायचं नाही म्हणून आयुष्यभर काय काय गिळलंय, ते मी जाणते. आत्ता लई भारी म्हणाले असते तर मला कळलंही नसतं.

"धूसर हायेत," हे म्हणाले. "डोळे धूसर. नाकबी धूसर."

आवाज पडलेला होता. मग अचानक चढला. "पर कान बघ! कान लई स्वच्छ आलाय. कानातले केस मोजून घे."

कान डोळ्यांच्या मागं असतो; नाक धूसर आणि कान स्वच्छ म्हणजे मी ठरल्यापेक्षा जवळ होते. पाच फूट पाच फूट नव्हतेच! मी भिंतीवरूनच ओरडले, "आपा, टेप पूरी है ना?" तिकडून उत्तर आलं, "हौ, खाली तीन इंच काटी हुई है! टोक की लोहे की पत्री निकल गई थी ना. मैं तीन से गिनती. इसीलिए तो बोली, ब्लाउज नक्को सीना!" वरून आमची गाठ. गाठीत इंचभर गेलं असणार. मला इतकं हसू आलं की मी खालीच बसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही.

हे घाबरले. "अगं, पुढचे चांगले असतील."

"बघून सांगा."

त्यांनी पट्टी सरकवली. "न्हाई. हाबी धूसर."

आजवर माझ्या फोटोंना लोकांनी बरंच काही म्हटलंय. पण त्या एका 'धूसर'नं माझ्या अंगात जो जीव आला तो कशानं आला नव्हता. आता माझं काम चालू राहणार होतं. मी ह्यांचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, थांबू नका, सगळे सांगा. आणि ज्यांना माझं मन मोडवत नव्हतं ते हे, एकेक फोटो लेन्सखाली धरून, धूसर, धूसर, हाबी धूसर, असं शेवटच्या फोटोपर्यंत सांगत गेले.