प्लस वन साहेब

साहेबांनी आयुष्यात एकाही कार्यक्रमाचं तिकीट विकत घेतलं नव्हतं, आणि हे ते अजिबात न लाजता सांगायचे. विलायतेतले संगीत-पत्रकार. त्यांच्या धंद्यातला रिवाज असा, की समीक्षकाचं नाव दारावर आधीच दिलेलं असतं आणि नावापुढे लिहिलेलं असतं 'प्लस वन', म्हणजे सोबत आणखी एक माणूस फुकट. बाकीचे समीक्षक बायकोला नेत, मैत्रिणीला नेत. जेद्दात आमचे साहेब दर कार्यक्रमाला स्टेज बांधणाऱ्यांपैकी एकाला घेऊन यायचे. दारावर विचारलं, "हे कोण?" तर म्हणायचे, "माझे पाहुणे." पुढे एक अक्षर नाही. ऑफिसात त्यांचं नावच पडलं, प्लस वन साहेब.

मी त्यांच्या हाताखाली होते. रत्नागिरीला कॉलेजात असताना एसटीच्या भाडेवाढीपासून वसतिगृहाच्या पाण्यापर्यंत सगळ्यावर पत्रकं लिहिली, वाटली, त्यापायी प्राचार्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग अब्बांनी जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, आपल्या दुकानापाशी बोलावून घेतलं, आणि मी कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीत जाहिरातीचा मजकूर लिहायला लागले. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझा कागद वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "पाच विशेषणं आहेत. माणूस एकही नाही." रागाने माझे कान तापले. साहेबांना राग येत नसे. ते दमलेलेच असायचे.

दमायला कारणही होतं. तरुणपणी लंडनच्या एका साप्ताहिकात त्यांनी भल्याभल्या गायकांची सालटी काढली होती. साप्ताहिक बंद पडलं. मग संकेतस्थळं आली, तिथे लिहायला सगळे सांगत, पैसे कुणी देत नसे. शेवटी ही नोकरी. इथे तर टीका करायचीच नव्हती, नुसतं कौतुक. घेताना त्यांनी एकच अट घातली होती, "शब्द घ्या. नाव मिळणार नाही." ज्याचं कौतुक मनापासून वाटलं नाही त्याखाली त्यांनी जन्मात सही केली नव्हती. "मी घर केलं नाही, संसार धड केला नाही," ते एकदा म्हणाले, "एवढं एक नीट केलं."

आता मजुरांचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. पहाटेपासून उन्हात लोखंड चढवून स्टेज उभं करायचं. कार्यक्रम सुरू झाला की सगळ्यांना कुंपणामागच्या बसमध्ये नेऊन बसवायचं, कारण संपल्या संपल्या स्टेज उतरवायला तीच माणसं हवीत. तासन् तास बसमध्ये. आपण बांधलेलं बघायचं नाही, कुंपणाआडून धडधड ऐकायची. दापोलीकडचे इस्माईलचाचा मला म्हणाले, "बाय, कितीतरी स्टेजा बांधलाव आमी, पन दिवे लागलेला एक बघलाव नाय." साहेबांनी सगळ्यात आधी नेलं ते त्यांनाच.

हंगामातला शेवटचा मोठा कार्यक्रम आला आणि मॅनेजरने साहेबांचा प्लस वन बंद केला. पुढच्या रांगांतल्या बड्या लोकांची तक्रार आली म्हणे. मी भडकले. रातोरात नाही, तिथल्या तिथे टेबलावर बसून पत्रक लिहिलं. बसमधल्या प्रत्येकाला आत जागा, आणि ती हक्काने. साहेबांनी वाचलं. या वेळी विशेषणं खोडली नाहीत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "शब्द न् शब्द बरोबर आहे. पण कार्यक्रम उद्या आहे."

ते मॅनेजरच्या खोलीत गेले. काचेतून दिसत होतं. मॅनेजर आधी मान हलवत होता, मग हसायला लागला. साहेब बाहेर आले तेव्हा सौदा झालेला होता. अख्खी बस आत येणार. बदल्यात कंपनी मजुरांना कसं घरच्यासारखं वागवते यावर लेख. साहेबांच्या नावाने. फोटोसकट.

"तुम्ही सही करणार?" मी ओरडलेच. "त्या थापेखाली? जो हक्क आहे तो विकत घ्यायचा?"

"तू मागत राहा ना," ते म्हणाले. "तू तरुण आहेस. मला दुपारपर्यंत लेख द्यायचाय." आणि टाइप करायला बसले. मध्येच मान वर करून विचारलं, "घरच्यासारखं, याहून खोटा शब्द आहे का तुझ्याकडे?"

दुसऱ्या दिवशी सगळे आले. धुतलेले शर्ट, विंचरलेले केस, मागच्या तीन रांगा. दिवे लागले तेव्हा इस्माईलचाचांनी शेजारच्याचा हात घट्ट धरला, ते मी पाहिलं. पण तिसऱ्या गाण्यापर्यंत निम्मे लोक झोपले होते. पहाटेपासून राबलेली माणसं. मऊ खुर्ची मिळाली, झोपली. एकजण तर चक्क घोरत होता.

मला रडू फुटलं. "यासाठी? यासाठी नाव दिलंत?"

साहेब त्या घोरणाऱ्याकडे पाहत होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "या गायकाच्या कार्यक्रमात मी लंडनला दोनदा झोपलोय. कुणी उठवलं नाही. आत बसून कंटाळता येणं, हाच तर हक्क. बसमध्ये कसला कंटाळा करणार?"

महिन्याभरात त्यांचा करार संपला, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुन्हा झाला नाही. निरोपाला मी विमानतळावर गेले होते. "पत्रक फाडू नकोस," एवढं म्हणाले, आणि दमलेल्या पावलांनी आत गेले. पुढच्या हंगामात बस पुन्हा कुंपणामागे उभी राहिली. मी पत्रक दिलं, परत आलं. पुन्हा दिलंय.

साप्ताहिकातलं त्यांचं धारदार लिखाण कागदावरच राहिलं, ते आता कुठे मिळत नाही. इंटरनेटवर त्यांचं नाव शोधलं की पहिला तोच लेख येतो, घरच्यासारख्या वागणुकीचा. परवा ऑफिसातल्या एका नव्या मुलाने तो मला दाखवला आणि म्हणाला, "हाच का तुमचा तो ताठ समीक्षक? हा तर विकला गेलेला दिसतोय."

मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, "हो, विकला गेला. आता त्या बदल्यात घेतलं काय, तेही विचार."