बुलबुलाच्या पोटातली मिरची

आमच्या मावसांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट जिथल्या तिथं राहू दिली नाही. बाज, रांजण, देव्हारा, सगळं त्यांनी दर दोन महिन्यांनी हलवलं. पण खरा जीव रानमिरचीवर. करंगळीच्या नखाएवढी, आभाळाकडं तोंड करून लागणारी ही मिरची आमच्या सास्तूर गावात कुठंही उगवो, दगडाच्या फटीत नाहीतर विजेच्या तारेखाली, मावसांना ती सापडणार आणि ते तिला उचलून घरी आणणार. खिशात लोक पेन ठेवतात, यांच्या खिशात स्टीलचा मोठा चमचा आणि ओलं फडकं. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा मावसा मांडवामागं उकिडवे बसून रोप काढत होते. आशीर्वाद द्यायला आले ते मातीच्या हातानं. माझ्या फेट्यावरचा तो डाग शेवटपर्यंत निघाला नाही.

बी पेरून ही मिरची येते, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. "बुलबुलाच्या पोटातून गेल्याबिगर ती उगवत न्हाय," असं ते ठामपणे सांगत. म्हणून पिकलेल्या लाल मिरच्या ते भिंतीवर मांडून ठेवत आणि पाखरं कुठं बसतात त्यावर पाळत ठेवत. रोप लावायचं ते दिवस कलल्यावरच, मुळाच्या मातीला धक्का न लावता, आणि वर एरंडाच्या पानाची टोपी. एवढं करून स्वतः मात्र फिक्कं वरण खाणारा माणूस. मिरची खायची ती मावशीनं. लाल मिरच्या, मीठ, लसूण खलबत्त्यात कुटायचं आणि भाकरीला लावायचं, हे तिचं रोजचं जेवण.

तीन वर्षांपूर्वी मावशीला ताप आला. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. "सगळं मातीवानी लागतंय," म्हणून ती ताट सरकवायची. कळायचा तो फक्त ठेचा. त्याच्यासोबत अर्धी भाकरी पोटात जायची. नेमकं त्याच उन्हाळ्यात अंगणातलं जुनं झाड वाळलं. घरातल्या मिरच्या संपल्या आणि मावशीचं जेवण तुटलं. नवी रोपं होती, पण त्यांना मिरच्या लागायला अजून अवकाश होता.

जुन्या गावठाणात, पडक्या भिंतीच्या दगडांत एक झाड मिरच्यांनी लगडलेलं होतं. तोडलेल्या मिरच्या किती दिवस पुरणार, म्हणून मावसांनी ते झाडच आणायचं ठरवलं. सगळ्यांनी सांगितलं, भर उन्हाळ्यात एवढं मोठं झाड हलवलं की मरतं. मावसा म्हणाले, "तिचं काय ते बघा आधी." दिवस कलायच्या बेतात आम्ही ते खणलं. माझ्या मोटारसायकलवर मागं बसून त्यांनी ते पोत्यासकट मांडीवर घेतलं. प्रत्येक खड्ड्याला माझ्या पाठीत एक बुक्की आणि "हळू की रं!" त्या संध्याकाळी मावशीनं भाकरी खाल्ली. झाडाची पानं मात्र दोन दिवसांत गळाली. मावसा आठ दिवस छत्री धरून त्याच्याजवळ बसले. मधूनच खोडावर नख मारायचे आणि म्हणायचे, "आतून हिरवं हाय." मला हसू यायचं, आणि त्यांच्याकडं बघवायचंही नाही. नवव्या दिवशी फांदीला कोंब आला.

त्या झाडावर मावशी आणखी दोन वर्षं जेवली. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. तेव्हाच मावसांनी चमचा खुंटीला अडकवला. मिरच्या पिकून गळतात आणि पाखरं खातात, मावसा बघतसुद्धा नाहीत.

मागच्या रविवारी मी गेलो होतो. न्हाणीजवळच्या दगडावर मावशी खलबत्ता धुवायची. त्या दगडाच्या कडेला, अगदी पायात येईल असं, वीतभर रोप उभं होतं. मी म्हणालो, "मावसा, बुलबुलानं काम केलं की!"

"इथं ना फांदी, ना तार. बुलबुल बसंल कुठं?" ते रोपाजवळ उकिडवे बसले. "खलबत्त्याच्या पाण्यातलं हाय ते. माझंच चुकत हुतं इतकी वर्सं."

पायाखाली चिरडेल म्हणून मी खुंटीवरचा चमचा काढून आणला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. तिनं लावलंय."

मग उठून त्यांनी रोपाजवळची आंघोळीची बादली दोन हात पलीकडं नेऊन ठेवली.