बोर्डावरच्या अक्का

अक्का कुणाला नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात त्यांचं आयुष्य गेलं. तारेपलीकडची प्रत्येक ऑपरेटर त्यांच्या लेखी एक गाव होती. "काय गं दोंडाईचा, झोपली का?" "शिरपूर, तुझा खोकला गेला का?" मी शेजारच्याच खुर्चीवर, पण मूळची जळगावची, म्हणून मी 'ए जळगाव'.

परवा नात नोकरीवर रुजू झाली. आदल्या दिवशी फोनवर म्हणते, "आजी, पोटात गोळा आलाय गं." म्हटलं, गोळाच ना? माझ्या पहिल्या दिवशी माझ्या पोटात अख्खं एक्स्चेंज वाजत होतं! अकरावीला इंग्रजीत पहिली आलेली ही विदुषी, कडक इस्त्रीची साडी नेसून बोर्डासमोर बसली आणि तिला 'हॅलो' म्हणता येईना. लाइन जोडायच्या दोऱ्या भलत्याच भोकांत. कापसाच्या एका व्यापाऱ्याला मी चक्क दवाखाना जोडून दिला. तो सरकीचा भाव विचारतोय आणि डॉक्टर त्याला जुलाब किती झाले ते विचारतायत! मी संडासात जाऊन रडत बसले. वडिलांनी निघताना बजावलं होतं, "नाही जमलं तर परत ये, स्थळ बघून ठेवलंय." त्या स्थळाचे कान मी पाहिले होते, तरीही संध्याकाळच्या एसटीने पळायचं नक्की केलं.

अक्कांनी मला बाहेर ओढलं. डब्यातली कळण्याची भाकरी नि ठेचा पुढ्यात ठेवला. "खाय. पोट भरेल ऱ्हायनं म्हणजे भीतीले बसाले जागा नही." मग त्यांचा रिवाज, जो मी न कळता मोडला होता. नव्या मुलीने पहिला फोन गिऱ्हाइकाचा घ्यायचाच नाही. पिंपळनेरच्या ऑपरेटरला लावायचा आणि विचारायचं, आज भाजी काय केली? लाइनीवरच्या सगळ्याजणींना हे ठाऊक. पिंपळनेरने मला शेवग्याच्या शेंगांपासून सासूपर्यंत सगळं ऐकवलं. मी हसले, आणि एसटी चुकली.

भीती मात्र लगेच गेली नाही. प्रत्येक घंटीला मी दचकायचे, आणि शेजारच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "मी शे ना आठे." मी आहे ना इथे.

कापसाचा हंगाम होता, दुपारी लाइनी नुसत्या तापलेल्या. शिरपूरची घंटी मी घेतली. पलीकडे ऑपरेटर रडत होती. अक्कांचा एकुलता एक मुलगा तिथे जिनिंगमध्ये नोकरीला होता. नवरा फार आधी गेलेला, त्यांना तेवढंच माणूस. त्याची मोटारसायकल ट्रकखाली आली होती, तो जागीच गेला होता.

मी हेडसेट काढला. पुढची घंटी वाजत होती, ती घेतली नाही. अक्कांना वाटलं, नेहमीचंच. पाठीवर थाप मारून हसत म्हणाल्या, "इतकं काय व्हयनं वं? कोन मरनं का?"

मी हेडसेट त्यांच्यापुढे धरला. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि हसू हळूहळू उतरलं. माझा हेडसेट त्यांनी स्वतःच्या कानाला लावला. "बोल शिरपूर." सगळं ऐकून घेतलं. मग उठून पदर सारखा केला. "मना भाऊ पिंपळनेरले शे. त्याले तू सांग. बोर्ड सोडू नको."

त्या शिरपूरला निघाल्या. त्यांच्या भावाला, मग बाकीच्या नातेवाइकांना, एकेका गावाला मी लाइन लावली आणि सांगत गेले. आवाज एकदाही अडखळला नाही. त्याचं मला आजतागायत बरं वाटलेलं नाही.

अक्का परत आल्याच नाहीत. भावाकडे राहिल्या. भेटायला गेले तेव्हा ओट्यावर बसल्या होत्या. मी लबाडी केली. "अक्का, मला अजून भीती वाटते. तुम्ही या ना."

"खोटी," त्या म्हणाल्या. "भाऊनी सांगं मले, कशी बोलनी तू ते." मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "मी नही येवाव आते, पोरी. घंटी वाजनी का मना जीव घाबरस."

मी त्यांचा हात धरून बसून राहिले. घाबरलेल्या माणसाला काय सांगायचं असतं, ते मला सगळं त्यांनीच शिकवलं होतं. आणि त्यातलं काहीच मला त्यांना सांगता येत नव्हतं.