कारखानिसांचे शिरपूरचे स्नेही

योगेंद्र कारखानीस गेल्याची बातमी आधार बैसाणे यांना त्याच वाहिनीवर कळली, जिच्यावर ते गेली एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी आठ वाजता कारखानिसांना भेटत होते. वय एकावन्न, हृदयविकाराचा झटका. सांगणारी मुलगी रडत होती. आधारभाऊंनी घड्याळ पाहिलं. सकाळचे सव्वादहा. या वेळेला कारखानीस कधीच टीव्हीवर नसत, त्यामुळे बातमीवर विश्वास ठेवायचं त्यांनी थोडा वेळ लांबणीवर टाकलं.

आधारभाऊ शिरपुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात अठ्ठावीस वर्षं आवक-जावक कारकून होते. इतक्या वर्षांत हजारो लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले. त्यांच्या स्वतःच्या नावानं आलेलं पत्र एकच, निवृत्तीचं. अशा माणसाला कारखानीस आवडले यात नवल नव्हतं. समोर मंत्री असो की साधू, कारखानीस मान जराशी तिरकी करून विचारत, "हे तुम्ही पाहिलंय, की तुम्हाला कुणी सांगितलंय?" हा प्रश्न आधारभाऊंनी घरीही सुरू केला होता. द्रौपदाबाईंनी दोनदा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा ताट वाढलं नाही.

पण भानगड वेगळीच होती. सात वर्षांपूर्वी निवडणुकीच्या वेळी वाहिनीची गाडी बाजार समितीच्या आवारात आली होती. कापसाच्या ढिगापाशी कारखानीस उभे, शेजारी आधारभाऊ, आणि कुणीतरी मोबाइलवर काढलेला फोटो. फोटोत दोघं काहीतरी गंभीर बोलत असावेत असं वाटतं. प्रत्यक्षात कारखानीस म्हणाले होते, "काका, जरा बाजूला होता का? सावली पडतेय." आधारभाऊ बाजूला झाले. संभाषण तिथं संपलं.

पुढं मात्र ते आपोआप वाढत गेलं. पहिल्या वर्षी 'बोलणं झालं' होतं, दुसऱ्या वर्षी 'चर्चा'. पाचव्या वर्षी कुणी विचारलं तर आधारभाऊ म्हणत, "फोन असतो अधूनमधून." फोन त्यांच्याकडे होताच, तेवढं खरं होतं.

दुपारी वाचनालयाचा सुकदेव आला.

"भाऊ, उद्या शोकसभा ठेवलीय. तुम्ही नाही बोलणार तर कोण बोलणार? तालुक्यात त्यांचा माणूस म्हणजे तुम्हीच."

नाही म्हणायची हीच वेळ होती. आधारभाऊंनी विचारलं, "किती मिनिटं?"

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर कार्ड आलं. 'प्रमुख उपस्थिती: कारखानीस यांचे ज्येष्ठ स्नेही आधार बैसाणे.' द्रौपदाबाईंनी ते नातीकडून वाचून घेतलं आणि नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

"त्या मानूसनी तुमले कधी वळखं तरी व्हतं का?"

आधारभाऊंनी कार्ड पुन्हा वाचायला घेतलं.

"रडनं व्हई तर रडी ल्या. पन आठवनी कथाईन आनशात?"

आठवणी आधारभाऊंनी तोवर तयार केल्या होत्या. तीन होत्या. पहिलीत कारखानिसांनी त्यांच्या घरी वांग्याचं भरीत दोनदा मागून खाल्लं होतं.

सभेला तीसेक माणसं होती. आधी माजी नगरसेवक वनाअप्पा बोलले. ते कारखानिसांना कधीच भेटले नव्हते, पण भेटले असते तर काय सांगितलं असतं ते त्यांनी सविस्तर सांगितलं. मग आधारभाऊ उठले, कागद उघडला आणि हार घातलेल्या फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं. मान तिरकी होती. उत्तराची वाट पाहताना असायची तशी.

त्यांनी कागद खिशात घातला.

"माझी त्यांची ओळख नव्हती," ते म्हणाले. "त्यांनी मला एकदा बाजूला व्हायला सांगितलं होतं. बाकीचं मी सांगत आलो."

"भाऊंचा विनय," सुकदेव घाईनं म्हणाला.

"विनय नाही, सुकदेव. थापा."

सभेत कुणीतरी खोकलं. चहाच्या वेळी त्यांच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. घरी जाताना आधारभाऊंना हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याबद्दल स्वतःचा किंचित अभिमानही. तो सकाळपर्यंतच टिकला.

सकाळच्या पेपरात होतं: 'ज्येष्ठ स्नेही आधार बैसाणे यांनी कारखानीस यांच्या आठवणींना उजाळा दिला. उपस्थितांचे डोळे पाणावले.'

आधारभाऊ तडक वार्ताहर हितेंद्रकडे गेले.

"तू सभेला होतास?"

"तीन कार्यक्रम होते, भाऊ. शोकसभेची बातमी कार्डावरूनच करतो आम्ही. शोकसभेत वेगळं काय होणार?"

"झालं वेगळं. खुलासा छाप."

"अहो, चांगलं छापलंय की. लोक असं छापून यावं म्हणून मागं लागतात."

आधारभाऊ हलले नाहीत. तिथंच बसून त्यांनी जावक नमुन्यात अकरा ओळींचा खुलासा लिहिला: वैयक्तिक परिचय नव्हता, मात्र एकोणीस वर्षं नियमित प्रेक्षक होतो, वगैरे. हितेंद्र म्हणाला, जागा पाहून घेतो.

दुसऱ्या दिवशी आला. वर हरवलेली मार्कशीट, खाली मुलाशी संबंध तोडलेला बाप, मध्ये हा: 'शिरपूर येथील आधार बैसाणे यांचा दिवंगत पत्रकार योगेंद्र कारखानीस यांच्याशी कोणताही संबंध नव्हता, असे बैसाणे यांनी कळविले आहे.'

आधारभाऊंनी पेन्सिल घेऊन चूक शोधली. सापडली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय, आणि बातमी आल्यापासून ते पहिल्यांदाच येतंय. शोकसभेच्या गडबडीत रडायचं राहूनच गेलं होतं.

द्रौपदाबाईंनी खुलासाही नातीकडून वाचून घेतला.

"बठ्ठं खरं शे ना? मंग कसाले रडतस?"

"कोणताही नव्हता असं मी लिहून दिलं नव्हतं."

"मंग कोनता व्हता?"

हितेंद्रही हेच विचारणार होता. आधारभाऊंनी कोरा कागद घेतला, उजवीकडे तारीख घातली, डावीकडे 'प्रति, संपादक' लिहिलं, खाली 'विषय' लिहून पुढं दोन टिंबं दिली. द्रौपदाबाई भाकरी करायला उठल्या तरी टिंबांच्या पुढं काही आलेलं नव्हतं.