काळी पत्रिका

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर निपाणीतली अर्धी गल्ली रडायला जमली होती.

पत्रिका काळी होती, त्यावर सोनेरी अक्षरं. रंग पल्लवीनं निवडला होता. ती बेळगावजवळ मच्छे गावच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि एकदा ठरवलं की मोजमाप बदलत नाही. मंडपापासून आइस्क्रीमच्या वाटीपर्यंत सगळं काळं-सोनेरी, असं तिनं जाहीर केलं. आमच्या बौद्ध समाजात पत्रिका बहुधा निळी असते. तसा नियम नाही, पण निळी नसली तर लोक पाकीट उलटसुलट करून बघतात.

"निळी छान दिसेल की गं," मी म्हणालो.

"पप्पा, शुभ-अशुभ असं काही नसतं, हे कोण सांगत असतं?"

मीच सांगत असतो. कॉलेजात शिकवत होतो तेव्हाही सांगत होतो, आता निवृत्त झाल्यावर जो माइक देईल त्याच्यापुढं सांगतो. बायको म्हणाली, "भाषण करायच्या आधी घरात विचारावं माणसानं."

खडेबाजारातल्या छापखानेवाल्यानं नमुना बघून चष्मा पुसला. "सर, मदुवेचंच ना हे? लग्नाचंच?"

"लग्नाचंच."

"कडेनं जरा लाल पट्टी मारू? कुणाला कळणार नाही."

"एक रेघसुद्धा नको," मी म्हणालो. (आवाज मोठा होता. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती, त्यांनाही माझे विचार कळावेत म्हणून.)

पहिली पत्रिका निपाणीच्या आक्काला. आक्का माझी थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले, आणि हिनं विड्या वळून मला एम. ए. केलं. तिच्याशिवाय आमच्या घरच्या कार्यात पानंसुद्धा वाढत नाहीत. भर उन्हात एसटीनं निघालो. खिडकीची काच लागेना, त्यामुळं हायवेची सगळी धूळ माझ्या डोळ्यांत. उतरलो तेव्हा डोळे लालभडक, घशाला कोरड, हातात रुमाल.

दारात दाजी बसले होते. आक्का बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. मी काही न बोलता पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि डोळे पुसले. दाजींनी पाकीट बघितलं, मला बघितलं.

"कोण गेलं रं?"

"पल्लवीचं..." एवढं म्हणालो आणि मला ठसका लागला. जो लागला तो थांबेचना. मी उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी छाती धरली.

दाजींनी हंबरडा फोडला. शेजारची सखूमावशी धावत आली, तिनं काळं पाकीट बघितलं आणि दाजींच्या वरचा सूर लावला. मग माणसं येतच राहिली. मी हातानं 'नाही, नाही' करत होतो, तर एकजण माझा हात धरून म्हणाला, "सर, धीर सोडू नका. तुम्हीच असं केल्यावर कसं?"

शेवटी कुणीतरी पाणी दिलं. मी घोट गिळला आणि ओरडलो, "लग्नाची पत्रिका हाय!"

एकानं काढलेली टोपी परत डोक्यावर ठेवली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला रिक्षा थांबली. कुणीतरी फोन केला होता. आक्का अनवाणी पळत आली, तिनं माझं तोंड चाचपलं. "पोरगी कुठाय माझी?"

"कामावर हाय आक्का. लगीन हाय तिचं."

तिनं पत्रिका बघितली. मग पदरानं डोळे पुसले आणि थंडपणे म्हणाली, "निळी छापून आण. तवर मी लग्नाला येत न्हाय."

"मी बदलणार न्हाय, आक्का."

"मग जा."

आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरून मी चहा न घेता निघालो. बेळगावला येईपर्यंत ताठ मानेनं बसलो होतो.

रविवारी पल्लवी एकटीच निपाणीला गेली. वाद घातला नाही. म्हणाली, "आत्ती, तुझं सगळ्यांत आवडतं लुगडं दाखव."

आक्कानं ट्रंकेतून काळं इरकल काढलं. "पहिल्यांदा स्वतःच्या पैशानं घेतलतो. सासू म्हणाली, काळं नेसून कुणाच्या कार्याला जाऊ नको."

"मग?"

"मग काय, मुद्दाम नेसून गेलतो. तीनदा."

आक्का बराच वेळ घडी चाचपत होती. मग म्हणाली, "आण त्या पत्रिका. निपाणीत मी वाटतो."

आणि वाटल्या. कुणी पाकीट धरायला कचरलं तर म्हणायची, "शाई वाळलीया, हाताला लागत न्हाय. धर."

लग्नाच्या दिवशी आक्का काळं इरकल नेसून मंडपात आली. मागं गल्लीतल्या बायका, त्याही काळ्यात. सखूमावशी सर्वांत पुढं. आमच्या एका पाहुण्यानं नाक मुरडलं, तर आक्का त्याच्याच शेजारची खुर्ची ओढून बसली आणि जेवण होईपर्यंत उठली नाही. नवरा-नवरीपेक्षा तिचेच फोटो जास्त निघाले.

मला भरून आलं. इतकी वर्षं भाषणं केली, त्याचं कुठंतरी चीज झालं असं वाटलं. मी बायकोला म्हणालो, "बघ, आक्काचं मतपरिवर्तन केलं मी."

आक्का मागंच उभी होती. म्हणाली, "मी शंभर घरांत ह्याच पत्रिका दिल्या. एकबी माणूस रडलं न्हाय. काळ्या रंगात काय खोट नव्हती रं. तुझं तोंडच तसलं हाय."