बोहनीआधीचा फोन

दुकानात बोहनी होईपर्यंत दुखण्याखुपण्याचं नाव काढायचं नाही, हा आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासूनचा नियम. लकडगंजात आमचं सागवानी चौकटींचं दुकान आहे. पहिलं गिऱ्हाईक होण्याआधी शिंक आली तरी माझा नवरा बाहेर जाऊन शिंकतो. मी याची फार थट्टा करायचे.

नवऱ्याला शुगर आहे, बीपी आहे. हे खरंखरं सांगितलं म्हणून दोन कंपन्यांनी आरोग्य विमा नाकारला. "मग विमा काय पहिलवानांसाठी काढता?" असं मी एका साहेबाला तोंडावर विचारलं. तो नुसता हसला. शेवटी तिसरी कंपनी तयार झाली. हप्ता जास्त लागणार होता, आणि जुन्या आजारांचा खर्च पहिली काही वर्षं मिळणार नव्हता. तरी आम्हाला ते चाललं. कंपनीच्या डॉक्टरचा फोन येईल, त्यात सगळे आजार सांगा, तेच नोंदवलं जाईल, असं एजंटनं बजावलं. फोन यायचा त्या दिवशी सकाळी चहा देताना मीही बजावलं.

"सांगतो ना वं. किती वेळा तेच सांगून राहिली!" म्हणत ते दुकानात गेले.

पॉलिसी आली तेव्हा हप्ता वाढलेला नव्हता. मला वाटलं, देवाला आमची दया आली. मी पेढे ठेवले.

चार वर्षं सुखात गेली आणि यंदा त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल. कंपनीनं कळवलं, आजार लपवले, म्हणून पॉलिसी रद्द. मी तणतणत सीताबर्डीच्या ऑफिसात गेले. लपवले? आम्ही? तिथल्या मुलीनं वाद घातला नाही. त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

"शुगर, बीपी, काही त्रास?"

"नाही जी, सब बढिया."

"एखादी गोळी चालू आहे?"

"देवाच्या दयेनं काहीच नाही. बोहनी व्हायची आहे मॅडम, लवकर विचारा."

मागे लाकूड कापणाऱ्या आरामशीनचा आवाज येत होता. हे बोलत होते अगदी खुशीत. त्या मुलीला सांगावंसं वाटलं, बाई, हा माणूस खोटारडा नाही. पण बोहनी म्हणजे काय, हे मी कंपनीला कसं पटवणार होते? दैव देतं आणि कर्म नेतं. आता हृदयही जुन्या आजारांत जमा झालं. यापुढे आम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. ऑपरेशनसाठी दुकान विकण्याशिवाय मार्ग नाही. मी मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर बसून रडले, येणाऱ्याजाणाऱ्यांची लाज न धरता.

दवाखान्यात पोचेपर्यंत संताप नुसता धुमसत होता. काहून असं केलं जी, म्हणून भांडायचंच ठरवलं होतं. ते उशीला टेकून माझी वाट बघत होते. चेहरा पार उतरलेला.

"काय म्हणे कंपनीवाले?"

मी पदर सारखा केला.

"सब बढिया," मी म्हणाले.

"मले माहीत होतं. तू उगाच घाबरते वं." त्यांनी डोळे मिटले. "सुट्टी झाली की पहिले दुकान उघडतो."