पाकिटावरचा रुपया

हे लिहायला घेतले याबद्दल आधी क्षमा मागतो. आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. लिहिण्याची सवय होती ती फळ्यावर, आणि तीही आकृत्यांना नावे देण्यापुरती. स्वतःबद्दल काही लिहावे आणि ते कोणी वाचावे, ही अपेक्षाच मला अजून आगाऊपणाची वाटते. पण मागच्या वर्षी आमच्या अकोल्याच्या घरात एक लहानसे काम निघाले. त्या कामाचे पैसे मी पूर्ण दिले, आणि तरीही ते दिले गेले नाहीत. हे कसे घडू शकते, याचे कुतूहल काही केल्या शमत नाही, म्हणून हा उद्योग.

काम न्हाणीघराचे होते. फरशीखालून पाणी झिरपून शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती आणि रंगाचे पोपडे सुटत होते. जुनी फरशी उखडून, नीट उतार देऊन नव्या टाइल्स बसवायच्या, एवढेच. अकोल्यात मिस्त्र्यांना तोटा नाही. परंतु अनोळखी माणसाशी भाव ठरवणे मला जमत नाही. भाजीवाली सांगेल तो भाव मी देतो, आणि घरी तो कमी करून सांगतो. म्हणून मी अमरावतीला माझ्या मित्राला फोन केला.

तो आणि मी एका वस्तीत वाढलो, शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी शिकत राहिलो. तो वडिलांच्या हाताखाली गवंडीकाम शिकला आणि चांगला मिस्त्री झाला. माझ्या भिडस्त स्वभावामुळे मित्र म्हणावा असा माणूस तोच एक. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. "जय भीम मास्तर, जित्ता हायेस ना?" आणि माझे त्या आठवड्यातले सर्वांत लांब संभाषण सुरू होते.

"येतो ना," तो म्हणाला. "आपल्या घरचं काम हाय."

"पण तू किती घेशील, ते..." मी कसेबसे सुरू केले.

"पैशाचं काय काढून राह्यला बे आतापासून? आधी काम तं पाहू दे."

तो आला तो मुक्कामालाच. अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनाहून रोज गाडीने ये-जा करण्यापेक्षा आमच्या बाहेरच्या खोलीत पथारी टाकणे त्याला सोयीचे वाटले, आणि मला तर आनंदच झाला. त्या दिवसांत माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. सकाळी सिमेंटचे डाग पडलेली पँट चढवली, की तो दुसराच माणूस होई. चहा अंगणात, उकिडवे बसून. पत्नीला एरवी वहिनी म्हणणारा तो, "मालकीणबाई, नळ बंद करा," असे ओरडे. मी मालक. प्रथम मला ती थट्टा वाटली. दुपारी पान आत वाढले आहे, असे सांगून मी आग्रह केला, तर तो म्हणाला, "अंगावर कामाचे कपडे हायेत," आणि जेवला बाहेरच. संध्याकाळी अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला, की तोच सोफ्यावर मांडी ठोकून बसे. "वहिनी, ठेचा नाई का आज?" आणि मी पुन्हा 'बे'. पाण्याखाली एका आकाराची आणि पाण्यावर दुसऱ्या आकाराची पाने येणारी रोपे मी वर्गात अनेकदा दाखवली होती. माणसातला असा नमुना मात्र प्रथमच पाहत होतो. पाहत होतो एवढेच. त्यातून काही शिकलो नाही.

काम संपत आले. भाव त्याने सांगितला नव्हता, मी पुन्हा विचारला नव्हता. गल्लीत नुकतेच असे काम करून घेतलेल्या शेजाऱ्याला मी मजुरी विचारली आणि तीत आपल्या मनाने थोडी भर घातली. आता ती द्यायची कशी? बालमित्रासमोर उभे राहून नोटा मोजायच्या, या कल्पनेनेच मला ओशाळल्यासारखे झाले. कपाटात लग्नकार्यांसाठी आणलेली पाकिटे होती, वर रुपयाचे नाणे चिकटवलेली. त्यातल्या एकात मी रक्कम घातली. पत्नीने शर्टपीस आणून ठेवलाच होता. निघायच्या सकाळी तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहिला, तेव्हा दोन्ही त्याच्या हातात ठेवले. त्याने नाण्यावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिले. पाकीट कपाळाला लावून खिशात घातले आणि काही न बोलता निघाला. बोलावे लागले नाही, म्हणून मला हायसे वाटले.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केला, की त्याची बायको उचले आणि तो साइटवर गेल्याचे सांगे. असे बरेच दिवस गेल्यावर एकदा ती म्हणाली, "भाऊजी, राग नका मानू. त्या कामाचं तुमी काही देल्लं नाई, मनून त्यायच्या मनाले लागून राह्यलं हाय."

"वहिनी, पाकिटात होते ना पैसे!"

"तो तं आहेर व्हता."

हे ऐकून माझी पत्नी संतापली. "भरलेलं पाकीट घेऊन गेले आणि वर तोंड करून मागतात? जाऊ नका तुम्ही." मी मात्र दुसऱ्या दिवशी अमरावतीची गाडी धरली. राग मलाही आला होता, नाही असे नाही. पण त्याहून मोठे होते ते कुतूहल. आणि खरे सांगायचे तर भीतीही होती. रविवार रिकामे जाऊ लागले होते, आणि उरलेले सगळेच रविवार तसे जाणार की काय, हे मला कळायला हवे होते.

तो घरीच होता. अंगणात पायरीवर बसलेला, अंगावर स्वच्छ शर्ट. आमच्याच शर्टपीसचा होता तो.

"वर रुपया लावून कोनी मजुरी देते का?" मी विषय काढताच तो म्हणाला.

"पण रक्कम तर मजुरीचीच होती."

"व्हती. जास्तच व्हती. मजुरी असती तं मनलो असतो, मास्तर, एवढे नाई होत, हे वापस घे. आहेरात बोलता येते का? कपायाले लावा अन् गप बसा. उद्या तुह्या पोराचं लगन निंगालं, तं मले एवढाच आहेर करा लागन. कुठून आनू?"

"मग फोन का नाही केलास?"

"कोनत्या तोंडानं करू? मजुरी मागू, का आहेराची फेड कशी करू ते सांगू?"

म्हणजे माझ्या पैशांनी त्याचे देणे फिटले नव्हतेच. उलट त्याच्या डोक्यावर माझे देणे चढले होते. मी थक्क होऊन म्हणालो, "बरं, मग आता सांग. तुझी मजुरी किती?"

तो बोलायला लागला आणि थांबला. स्वतःच्या शर्टाकडे पाहून म्हणाला, "थांब." आत गेला. बाहेर आला तो सिमेंटच्या डागांची पँट घालून. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"हं. बोला, मालक."

दारात त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. त्याने आकडा सांगितला. तो मी दिलेल्या रकमेपेक्षा कमी होता. मी लगेच मान डोलावली.

"अरे, भाव कर ना! लगेच हो मनत असतेत का?"

तेव्हा, मित्र आहे म्हणून इतके दिवस गिळलेले वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले. "खिडकीखालच्या कोपऱ्यात पाणी साचतं."

तो ताठ झाला. मग म्हणाला, "तुले उतार समजते का?"

"समजत नाही. पण पाणी साचतं."

"टाइल्सच वाकड्या असन त्या."

"टाइल्स दुकानात तूच निवडल्या."

"तुमी बादली तिकडं ठेवत असान."

"भाऊजी, जोरात बोला," दारातून आवाज आला. "हळू बोललेलं त्यायले आयकूच येत नाई!"

"मले काय सांगून राह्यला बे," मी ओरडलो, "पाय माह्ये भिजतात का तुह्ये?"

शेजारच्या भिंतीवरून एका बाईने डोकावून पाहिले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीनंतर ही बोली माझ्यात शिल्लक असल्याचे मलाच ठाऊक नव्हते. तो चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिला, मग हसत सुटला. कोपऱ्यापायी त्याने काही रक्कम कमी केली. मी आणखी कमी करायला लावली. का, ते सांगता येत नाही. चटक लागली असावी.

मग आतून पाकीट आले. त्याने ठरलेली मजुरी मोजून घेतली आणि उरलेले पैसे माझ्या हातात दिले. शर्ट आहेरच राहिला, तो अंगावर चढल्यामुळे. शेवटी त्याने नखाने नाणे खरवडून काढले, पाठीमागे कागदाचा तुकडा तसाच राहिला.

"हा रुपया कोनाचा?"

आम्हा दोघांनाही सांगता येईना. नाणे पायरीवर ठेवून तो कपडे बदलायला गेला, आणि नंतर आत सोबत बसून आम्ही जेवलो. निघताना मी पायरीकडे पाहायला विसरलो.

रविवारचे फोन पुन्हा येतात. "जय भीम मास्तर, पानी साचते का अजून?" "साचतं." "येतो." कोपरा दुरुस्त करायला तो खरोखरच पुढच्या महिन्यात येणार आहे. या खेपेची मजुरी द्यायची की चूक त्याची म्हणून द्यायची नाही, हे आम्ही दोघेही बोललेलो नाही. तो आला, की सकाळी त्याने ती पँट चढवेपर्यंत थांबायचे आणि मग विचारायचे, असे मी मनाशी ठरवले आहे. तरी माझा धीर होईल असे वाटत नाही. म्हणून विचारतो: तुमच्याकडे मित्र कामाला आला, तर पैशांची गोष्ट आधी कोण काढतो?